तुझ्या व्हिडिओखालचा अभिप्राय

जना, तुझ्या बाराव्याला मी जो घोटाळा केला तो तू पाहिला असतास, तर आठवडाभर शेलार गावात घरोघर सांगत फिरला असतास.

भजनी मंडळाची गाडी मानकोलीला कंटेनरच्या रांगेत अडकली होती. तुझ्या दारातल्या मांडवात माणसं गच्च बसलेली. शेवटी तुझे चुलते म्हणाले, भजनवाले येईस्तोवर जनाच्याच स्पीकरवर एखादा अभंग लावा. आता स्पीकर म्हटल्यावर तुझ्यामागे जाणकार कोण, तर मी. मी लगबगीनं उठलो, तुझा आवडता मोठा स्पीकर ओट्यावर आणून ठेवला आणि माझा फोन त्याला जोडला. अभंग शोधायला कपाळावरचा चष्मा खाली ओढतोय तोवर फोननं आपल्याच मनानं सुरुवात केली, आणि भर मांडवात तुझा आवाज घुमला, "नमस्कार मंडली. आज आपुन ह्यो डबा खोलनार हाव."

तुझी बायको, आमच्या सुनंदावहिनी, आत पानांची तयारी करत होत्या. त्या पत्रावळींचा गठ्ठा घेऊन तशाच दारात आल्या आणि माणसांमधून कुणाला तरी शोधावं तशा बघू लागल्या. मी आवाज बंद करायला गेलो आणि घाईत उलटं बटण दाबून तो वाढवला. तू आणखी जोरात सांगू लागलास की बासची काळजी करू नका, बास भरपूर हाय. कुणीतरी येऊन वायरच उपटली. नंतर माणसं माझ्या पाठीवर थोपटून गेली. मेहुणा गेल्यावर त्याचे व्हिडिओ बघत बसतो बिचारा, असं त्यांना वाटलं असणार.

तेवढा चांगला मी नाही. त्या व्हिडिओखाली 'एक श्रोता' या नावानं लिहिलेला एक अभिप्राय आहे. तो पुसून टाकायला मी सकाळी तिथे गेलो होतो. तो श्रोता म्हणजे मी. हे तू असताना तुला सांगितलं नाही, आणि आजपर्यंत दुसऱ्या कुणालाही सांगितलेलं नाही.

आठवीपासून आपण एका बाकावर. माझे वडील शिक्षक, म्हणून मी भिवंडीत वाढलो आणि 'आहे-नाही' बोलायला शिकलो. तू शेलारचा, शेवटपर्यंत 'हाय-न्हाय'वर ठाम. तुमच्या घरामागे पत्र्याच्या शेडमध्ये कापड विणायचे आठ लूम होते आणि शाळा सुटली की शिफ्ट संपेपर्यंत तू त्यांच्यात. मी तुला हाक मारायला यायचो आणि पाच मिनिटांत डोकं धरून बाहेर पळायचो. त्या खडखडाटात बोललेलं ऐकू येणं शक्यच नव्हतं, म्हणून तुम्ही लोक आवाज वायाच घालवायचा नाहीत, नुसते ओठ हलवायचात. कामगार कुठून कुठून आलेले, एकाची भाषा दुसऱ्याला येत नसे, पण ओठ सगळ्यांचे सगळ्यांना कळायचे. तुझं हे कसब आपण परीक्षेत वापरलं. तेव्हा बाक वेगळे व्हायचे, मी पुढच्या बाकावरून वळून ओठ हलवायचो आणि तू अक्षर न चुकता लिहायचास. मी सांगितलेली चुकीची उत्तरंसुद्धा.

पुढे मी शाळेच्या ऑफिसात क्लार्क झालो आणि तुझी बहीण रेखा माझी बायको झाली. लग्नात तू मला बाजूला घेऊन बजावलं होतंस, "क्लार्कसाहेब, हिचे कान लई तिखट हाईत. मनात जरी बोललास तरी आयकंल." तेव्हा मी हसलो होतो.

लूम गेले, शेडच्या जागी कुणाचं तरी गोदाम आलं, आणि तू पूर्णा गावातल्या एका गोदामात परतीच्या मालाच्या टेबलावर लागलास. गिऱ्हाइकांनी परत धाडलेले स्पीकर, ॲम्प्लिफायर, साउंडबार उघडायचे, जोडायचे, ऐकायचे, आणि बिघाड यंत्रात आहे की माणसात ते ठरवायचं. सगळं गोदाम तुला जनादादा म्हणायचं. अडलेला प्रत्येक डबा तुझ्यापुढे यायचा. "जनादादा, जरा ये सुनके बताओ," असं कुणी म्हटलं की तू हातातला चहा ठेवून उठायचास, तेव्हाचा तुझा चेहरा मी पाहिला आहे. नाडी बघायला बोलावलेल्या वैद्याचा असतो तसा.

त्यातूनच तुझं चॅनल निघालं. बघणारी माणसं फार नव्हती, पण जी होती ती तुझा शब्द खाली पडू देत नसत. तुझं म्हणणं असं की बाकीचे लोक नुसतं लिहितात, तू मात्र लोकांनी लिहिलेलंही वाचतोस आणि परत पाठवलेलंही हाताळतोस. पाच तारे देणारा आणि आठव्या दिवशी डबा परत करणारा माणूस कितीदा एकच असतो, हे तूच मला सांगितलंस. "रिव्ह्यू लिवणाऱ्यानं तीन गोष्टी आधी सांगाव्या," तू म्हणायचास. "कान कोनाचे, खोली कोनाची, आन डबा इकत घेतला का फुकट आला. येवढं न्हाय सांगितलं तर त्याला रिव्ह्यू म्हनू नको." तू प्रत्येक व्हिडिओत खोली दाखवायचास, पत्र्याचं छप्पर, कोपऱ्यातली कोठी, सगळं. डबा विकत घेतल्याची पावती दाखवायचास. कानांचं तेवढं राहून जायचं. माझ्यासकट कुणाच्या ते लक्षात आलं नाही.

मग आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली आणि मला घरात चांगला म्युझिक सेट असावा अशी हुक्की आली. मी तीन आठवडे नुसते रिव्ह्यू वाचले. एकानं लिहिलं होतं, अजून खोका उघडला नाही पण आवाज उत्तम. दुसऱ्यानं एकच तारा दिला होता, का तर डिलिव्हरीवाल्यानं जिना चढायला नकार दिला. तिसऱ्यानं लिहिलं होतं, आवाज लोण्यासारखा आहे. लोण्यासारखा आवाज म्हणजे कसा असेल, असं मी रेखाला विचारलं. ती म्हणाली, चाखून बघा. शेवटी सगळं सोडून मी तुझ्याकडे आलो. तू दोन स्पीकरांची एक जोडी सांगितलीस. म्हणालास, बाकीच्या कंपन्यांचा आवाज हल्ली गोधडीतून आल्यासारखा येतो, वरचे सूर लागतच नाहीत, पण हिचा कसा स्वच्छ हाय. मी डोळे मिटून ऑर्डर दिली. डबा मानकोलीच्या गोदामातून निघाला, कुठे कुठे देवदर्शन करून चार दिवसांनी तिथूनच आठ किलोमीटरवर माझ्या दारात आला.

पहिलं गाणं लावलं आणि रेखानं भाजी निवडता निवडता कानावर हात ठेवले. म्हणाली, बाई गातेय की दाभण टोचतेय? मी जोडी भिंतीपासून लांब सरकवली, मग जवळ नेली, मग पडद्यामागे ठेवली, मग एका स्पीकरवर उशी बांधली. टोचणं थांबेना. तुला फोन केला तर तू म्हणालास की वाजू दे महिनाभर, पडदा सैल झाला की आवाज बसंल. महिनाभर वाजवला. परतीची मुदत तेवढ्यात संपून गेली, आणि स्पीकरांपेक्षा रेखाच बसली, दुसऱ्या खोलीत जाऊन. तू मात्र घरी आलास की त्या जोडीपुढे खुर्ची ओढून मान डोलवायचास आणि म्हणायचास, बघ, आता कसा मोकला झाला.

यावरून आपलं वाजायला लागलं. मी म्हणायचो, कर्कश आहे. तू म्हणायचास, तुना चांगल्या आवाजाची सवय न्हाय. एकदा तर मी जेवणावरून उठलो होतो. आठवतं? रेखानं आपल्या दोघांच्या मध्ये ताकाचा गंज आणून ठेवला आणि म्हणाली, दोघं मिळून हे ऐका आता.

नंतरचा तो मे महिन्यातला रविवार. तुझ्या घरी दुपारची जेवणं झाली होती, सकाळपासून लाइट नव्हती. तू इन्व्हर्टरला पाठ टेकून बसला होतास आणि मला कुठल्याशा नव्या ॲम्प्लिफायरबद्दल सांगत होतास. बॅटरी उतरली आणि इन्व्हर्टर चिरक्या आवाजात टीं टीं करायला लागला. रेखा आतून विचारत आली, काय वाजतंय. शेजारची बाई कुंपणावरून डोकावली. तू बोलत होतास. तो आवाज तुझ्या पाठीपासून वीतभर अंतरावर होता, जना, आणि तू बोलत होतास. सुनंदावहिनी आल्या, तुझ्या खांद्याला हात लावून त्यांनी खालचं बटण बंद केलं. तू त्यांच्या तोंडाकडे पाहिलंस, मग मागे वळून पाहिलंस आणि म्हणालास, "लाइट आली काय?"

तेव्हा मला एकदम सगळं कळलं. मास्कचे दिवस होते तेव्हा तू माणसांत येणं का टाळायचास, फोनवर 'घरी ये, मग बोलू' का म्हणायचास, आणि सगळ्या कंपन्यांचा आवाज तुला गोधडीतून का येत होता. लूमनं तुझे वरचे सूर केव्हाच नेले होते. तू ओठांवर निभावून नेत होतास. स्पीकरला ओठ नसतात.

मी तुझ्यासमोर बसलो होतो. तेव्हाच सांगायला हवं होतं. पण मला त्या क्षणी दया आली नाही रे. मला वाटलं, जिंकलो. जोडी कर्कशच होती, माझंच खरं होतं, आणि आता माझ्या हातात पुरावा होता. घरी येताना मी गाडीवर शीळ घालत होतो.

आणि चार दिवसांनी, ऑफिसात, जेवणाच्या सुट्टीत, मी तुझ्या व्हिडिओखाली लिहिलं, 'साहेब, स्पीकर तपासण्याआधी स्वतःचे कान तपासून घ्या. तुम्हाला वरचे सूर ऐकूच येत नाहीत. तुमच्या भरवशावर लोक फसतात.' खाली, एक श्रोता. लिहून झाल्यावर डब्यातली पोळी खाल्ली. गेली अठ्ठावीस वर्षं शाळेत येणाऱ्या निनावी तक्रारींवर 'सही नाही, सबब दखल घेऊ नये' असा शेरा मारणारा माणूस मी. मुलांच्या आयांना मी ऐकवलेलं आहे की बाई, खरं असेल तर नाव लिहायला भिता कशाला.

रविवारी तू आलास. चप्पल काढायच्या आधी फोन माझ्यापुढे धरलास. मी माझंच लिहिलेलं सावकाश, पहिल्यांदा वाचत असल्यासारखं वाचलं. एका ठिकाणी तर भुवयासुद्धा उंचावल्या. म्हटलं, असल्या रिकामटेकड्यांचं काय मनावर घ्यायचं.

"रिकामटेकडा न्हाय ह्यो," तू म्हणालास. "ह्यो माझ्या शेजारी बसून गेलेला मानूस हाय."

मी पाणी आणायला उठलो. तू मला हाताला धरून खाली बसवलंस आणि माझ्या तोंडाकडे बघत विचारलंस, "तू मना सांग. खरं लिवलंय काय त्यानं?"

मी म्हणालो, "छे, काहीतरीच."

लिहिलं ते पाप होतंच. पण ते रागात केलेलं, आणि राग माणसाला येतो. या दोन शब्दांना माझ्याकडे काहीही सबब नाही. तू समोर होतास, विचारत होतास, कानांनी नाही तर डोळ्यांनी ऐकत होतास, आणि मी तुझ्या डोळ्यांशी खोटं बोललो. तू मान हलवलीस. चहा घेतलास. जाताना रेखाला म्हणालास, स्पीकरवरची उशी काढ, धूल बसंल.

त्यानंतर तुझा नवा व्हिडिओ आला नाही. दिवाळीच्या सुमारास कळलं की तू परतीच्या टेबलावरून स्वतःहून उठलास आणि गेटवर गाड्यांची नोंद ठेवायचं काम मागून घेतलंस. गोदामातली पोरं म्हणे तरीही डबा घेऊन गेटवर यायची, जरा ऐका म्हणायची, आणि तू 'दुसऱ्याकडं जा' म्हणून रजिस्टरात मान घालायचास. हे ऐकल्यावर मी ठरवलं की तुला भेटून सांगायचं. संक्रांतीला ठरवलं, होळीला ठरवलं. मग आमचे सातवीचे निकाल निघाले, मग शाळेच्या छपराची पावसाळी गळती. तुझ्या छातीनं मात्र माझ्या सवडीची वाट पाहिली नाही.

तर बाराव्याच्या सकाळी मी तो अभिप्राय पुसायला गेलो. म्हटलं, निदान तुझ्या नावाखालून ही घाण जावी. (किंवा माझ्या नावावरून जावी. दोन्हीतलं खरं कुठलं, ते मलाही सांगता येणार नाही.) तर त्याखाली तुझं उत्तर. मी लिहून पळून गेलो होतो, पुन्हा फिरकलोच नव्हतो, त्यामुळे ते पाहिलंच नव्हतं. तू लिहिलं होतंस, 'आभारी हाय. तपासून सांगतो.'

वरचा अभिप्राय पुसला की खालचं उत्तरही जातं, अशी तिथली रीत आहे. मी बोट ठेवून बसलो होतो. नंतर कुणीतरी स्पीकर कुठाय म्हणून हाक मारली आणि मी फोन तसाच खिशात टाकून उठलो. पुढचं तुला सांगितलंच.

माणसं पांगल्यावर सुनंदावहिनींनी मला आतल्या खोलीत बोलावलं. तुझ्या कपाटातून निघालेला एक घडीचा कागद पुढे केला आणि म्हणाल्या, "भाऊजी, ह्यो कसला कागद हाय? रोगाचा हाय काय? मना काय सांगितला न्हाय त्यांनी." कल्याणच्या कुठल्याशा कानाच्या डॉक्टरचा तपासणीचा आलेख होता. डावीकडून बरी चाललेली रेघ मध्यावर येऊन कडा कोसळल्यासारखी खाली गेली होती. तू तपासलंस. एकटा जाऊन, कुणाला न सांगता, मी काढलेली रेघ तू डॉक्टरकडून आखून आणलीस.

मागच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलीनं तुझं अक्षर होतं. 'नमस्कार मंडली. खोली आन पावती दर टायमाला दाखवतो, आज आधी कान दाखवतो. वय चोपन्न. ल्हानपन लूमच्या शेडमध्ये गेला. वरचा बारीक आवाज मना आयकू येत न्हाय, ह्यो डॉक्टरचा कागद. आधी ज्यांना चुकीचा सांगितला त्यांची माफी. आता खालचा आवाज मी सांगीन आन वरचा आमची रेखा सांगल. तिचे कान तिखट हाईत.' त्याखाली दोन ओळी खोडलेल्या, आणि मग काहीच नाही.

मी वहिनींना सांगितलं, रोगाचा नाही, कानाचा आहे, घाबरू नका. त्यांनी विचारलं की मग तपासायला कशाला गेले असतील. मी म्हणालो, वयानुसार करतात. म्हणजे पुन्हा खोटं बोललो. कागद मी जपून ठेवतो म्हणून मागून घेतला, आणि तो आमच्या ऑफिसच्या खणात शिक्क्यांखाली पडला आहे. रेखाला दाखवलेला नाही. दाखवला तर ती विचारणार, दादा एकदम कान तपासायला कसा गेला.

कुणी म्हणेल, मग तुझ्या लिहिण्याचा उपयोगच झाला की. मीही दोन रात्री स्वतःला हेच सांगून पाहिलं. पण मग मला तू गेटवर रजिस्टर घेऊन बसलेला दिसतोस, आणि त्या पोराच्या हातातला डबा. इतकं करून तू मात्र माफीची तयारी करत होतास, कुणाकुणाची तर ज्यांनी तुझं ऐकून स्पीकर घेतले त्यांची. त्यांत मीही आलो. ही माफी मला नको आहे, जना. ती परत कुठे पाठवायची, तेवढं सांगायला तू नाहीस.

तुझ्याकडून घेतलेलं मात्र पुष्कळ आहे. गाणं ऐकताना मान कधी हलवायची, हे मला तू शिकवलंस. माझं पहिलं ट्रान्झिस्टरचं खोकं तू तुझ्या हातानं जोडून दिलंस. बोलण्यासारखं काही नसताना दोन माणसांनी तास-दीड तास एका स्पीकरपुढे कसं बसावं, ते मला तुझ्याशिवाय कुणाबरोबर जमलं नाही. आणि तुझं ते विचारणं, हाताला धरून, 'तू मना सांग'. चॅनलवरच्या सगळ्या लोकांना सोडून तू माझं मत मागायला आला होतास. एवढा भरवसा माझ्यावर पुन्हा कुणी टाकेल असं वाटत नाही, आणि टाकूही नये.

अभिप्राय अजून तिथेच आहे. त्याखाली तुझं उत्तरही.

आपल्या बॅचच्या मंडळींनी तुझ्यावर चार शब्द लिही, साप्ताहिकात छापून आणू, म्हणून सांगितलं होतं. चार शब्द लिहायला बसलो तर हे झालं. काल संध्याकाळी वहीच रेखाच्या हातात दिली, तुझा तो कागदही खणातून आणून आत ठेवला, आणि मी गॅलरीत जाऊन कुंड्यांना दुसऱ्यांदा पाणी घातलं. ती बराच वेळ वाचत होती. कागदाची मागची बाजू तिनं दोनदा वाचली, दुसऱ्यांदा बोट ठेवून. रडली नाही. मग वही मिटून माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाली, "चांगलं लिहिलंयत. या वेळी खाली नाव घाला."